नेच्याभोवतीचा कागद

दर गुरुवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास लू श्यू-मान ग्रंथालयाच्या दारातून आत येत. जियाईहून सुटणारी प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी, मग विद्यापीठाची बस, मग कापराच्या झाडांखालची चढण, आणि वय एक्क्याऐंशी. येणाऱ्यांच्या वहीत त्या सही करत नसत. पिशवीतून शिंगाचा एक बारीक शिक्का काढत, लाल शाईत टेकवत आणि नाव उमटवून मोकळ्या होत. मग तळमजल्यावरच्या दुर्मिळ संग्रहाच्या खोलीत येऊन को वान-यूला विचारत, "आज कोणतं गवत उघडायचं?"

"गवत नाही, आमा. आज ओक आहेत." म्हाताऱ्या बायकांना तिकडे सगळेच आमा म्हणतात, वान-यूही म्हणे.

"मला खाता येत नाही ते सगळं गवतच."

वान-यू सव्वीस वर्षांची होती. शिकली होती वनस्पतिशास्त्र आणि नोकरी करत होती ग्रंथालयात. यात तिच्या आईला काही संगती लागत नसे, पण कामात ती संगती होती. विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात युद्धानंतरच्या वर्षांत डोंगरांतून आणलेले अडीच हजार नमुने अजून मूळ कागदांतच पडून होते. त्या काळचा संग्राहक रद्दीतल्या वर्तमानपत्राची एक घडी घेई, तिच्यात फांदी पसरून ठेवी, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक टाकी, आणि अशा घड्या एकावर एक रचून दोन फळ्यांमध्ये दोराने आवळी. झाड वाळले की कागदाचे काम संपले. सत्तर-पंचाहत्तर वर्षे त्या कागदांकडे कुणी पाहिले नाही. मग ग्रंथालयातल्या लाइ सरांच्या लक्षात आले की या घड्यांमधली कितीतरी वर्तमानपत्रे आता दुसरीकडे कुठेच उरलेली नाहीत. एका हिवाळ्यात ग्रंथालयाने आणि वनस्पतिसंग्रहाने मिळून ते काम हाती घेतले. घडी उघडायची, झाड नव्या कागदात ठेवायचे, जुना कागद सपाट करून त्याचे छायाचित्र घ्यायचे, आणि वाचायचा. वाचायला गावातली माणसे हौसेने येत. फेब्रुवारीच्या अखेरीस या कागदांचे प्रदर्शन भरायचे होते.

लू आमा हौसेने येत नव्हत्या.

त्यांचे वडील लू जिन-बो जियाईतल्या एका चार पृष्ठांच्या वर्तमानपत्रात जुळारी होते, म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे काम करत. युद्ध संपल्यावर निघालेले ते पत्र जेमतेम सोळा महिने चालले. सत्तेचाळीस सालच्या मार्चमध्ये सरकारविरुद्ध उठाव झाला, तो मोडायला गावात सैन्य उतरले, माणसे घराघरांतून नेली जाऊ लागली. महिन्याच्या मध्यावर एका सकाळी वडिलांनाही नेले आणि ते परत आले नाहीत. तेव्हा आमा चार वर्षांच्या होत्या. पुढची चाळीस वर्षे त्या मार्चबद्दल घरात काय, गावातही कुणी बोलले नाही. आईने एका शिक्के कोरणाऱ्याच्या दुकानात काम धरले, मुलीलाही तेच शिकवले. दोघींनी मिळून अर्ध्या जियाईची नावे दगडावर, लाकडावर, शिंगावर उलटी कोरली. आई एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली, आणि नवऱ्याबद्दल तिने आयुष्यभरात एवढेच सांगितले होते: पाच मार्चच्या अंकात त्याचे नाव छापून आले होते. नाव छापून घ्यायची हौस होती त्याला, ती नडली. घरातला अंक तिने चुलीत घातला होता.

"खिळे जुळवणाऱ्याचं नाव कोण छापतं?" आमा म्हणत. "बातमी लिहिणाऱ्याचंसुद्धा नाव येत नसे तेव्हा. मग याचं का आलं? कविता केली? भांडला कुणाशी? का आई म्हणते तशी खरंच हौस? एवढंच बघायचंय मला. बघितलं की माझं येणं बंद. मग तुला पेरू मिळायचे नाहीत."

पेरू त्या घरून कापून आणत, फोडींवर आलुबुखाराची आंबटगोड पूड भुरभुरलेली असे. खोलीत खायला बंदी होती, म्हणून दुपारी दोघी बाहेरच्या पायऱ्यांवर बसत. आमा तिला विचारत की झाडे वाळवायला एवढे शिकावे लागते का, त्यांची शेजारीण मुळा वाळवते ती तर चौथी नापास आहे. वान-यू त्यांना विचारत असे की एक अक्षर कोरायला किती वेळ लागतो, घसरले तर काय करता. घसरले तर दगड घासून सपाट करायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचे, आमांनी सांगितले होते. घासून घासून काडेपेटीएवढे झालेले दगड त्यांच्याकडे अजून आहेत.

तोवर त्या पत्राचे एकतीस अंक सापडले होते. चार मार्चचाही सापडला होता, एका जंगली अंजिराभोवती. पाचचा नव्हता. लाइ सरांचा अंदाज असा होता की त्या दिवशी रस्त्यावर माणूसच नसणार, अंक विकले गेले नसणार, गठ्ठे तसेच्या तसे रद्दीत गेले असणार. म्हणजे सापडला तर तो एकटा सापडणार नाही.

त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी वान-यू संग्राहकाची डोंगरातली वही यादीशी ताडून पाहत होती. एप्रिल सत्तेचाळीसमध्ये अलिशान डोंगराच्या उतारावर घेतलेले तीन हजार एकशे नऊ ते तीन हजार एकशे सतरा हे नऊ क्रमांक ग्रंथालयाच्या यादीत नव्हते. त्यांच्या जागी शेरा होता, कागद पूर्वीच बदललेले. कधी बदलले ते पाहायला तिने वनस्पतिसंग्रहाची नोंद उघडली. ऑगस्ट दोन हजार अठरा. पुढे बदलणाऱ्याच्या नावाची तीन आद्याक्षरे होती, आणि ती तिची होती.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती विद्यार्थिनी म्हणून संग्रहात काम करत होती. जुने वर्तमानपत्र आम्लधर्मी असते, वर्षानुवर्षे चिकटून राहिले तर झाडाच्या पेशी करपवते. तिला एक पेन दिले होते. कागदावर रेघ ओढायची. जांभळी राहिली तर कागद बरा, पिवळी पडली तर काढून टाकायचा. सगळ्याच रेघा पिवळ्या पडत. झाड नव्या कागदात जाई, जुना कागद रद्दीच्या पेटीत. नियमच तसा होता आणि तो झाडांसाठी चांगला होता.

स्वतःच्या जुन्या संगणकावर तिने तेव्हाचा तक्ता शोधला. तो तिने मन लावून केला होता. कुणी न सांगता त्यात एक जास्तीचा रकाना घातला होता, 'जुना कागद' या नावाचा. वर्तमानपत्रावर तारीख असेल तर झाड त्या तारखेच्या आधी गोळा केलेले असू शकत नाही, हा पुरावा हातचा जाऊ नये म्हणून. त्यासाठी प्राध्यापकांनी तिचे चारचौघांत कौतुक केले होते. त्या रकान्यात तीन हजार एकशे नऊपासून तीन हजार एकशे सतरापर्यंत, सारख्या अंतरावर, नऊदा लिहिले होते: वर्तमानपत्र, ५ मार्च १९४७. रेघ पिवळी. टाकला.

वान-यूने तक्ता बंद केला, पुन्हा उघडला. नऊच्या नऊ ओळी तशाच होत्या.

तिने लाइ सरांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की दोष तिचा नाही, तेव्हा जगभर हेच करत असत. आणि आमांना सांगायचे कारण नाही. अंक सापडला नाही एवढे सांगितले तरी ते खोटे होत नाही. या वयात त्या बाईला अजून एक ओझे कशाला.

त्या गुरुवारी वान-यूने काही सांगितले नाही. आमांनी भिंगातून ओकांभोवतीच्या जाहिराती वाचल्या, खतांच्या, दातांच्या दवाखान्याच्या, आणि मध्येच विचारले की आज हिचा चेहरा असा का, कुणी पोरगा सोडून गेला का. वान-यू हसली. ते हसणे तिला दिवसभर तोंडात कडू लागले. सापडला नाही हे खोटे नव्हते, पण ते ऐकून आमा पुढच्या गुरुवारी येणार होत्या, आणि त्याच्या पुढच्या. मोजमाप चुकले तर वहीत तसे लिहायचे, खाडाखोड न करता, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवले होते.

पुढच्या गुरुवारी पायऱ्यांवर आमांनी डबा उघडला तेव्हा तिने हात पुढे केला नाही.

"आमा, पाच मार्चचा अंक होता. आमच्याकडेच होता. नऊ प्रती होत्या."

आमांनी फोड तशीच बोटांत धरली. "होत्या?"

"मी टाकल्या. सहा वर्षांपूर्वी, शिकत असताना. झाडांना तो कागद वाईट असतो म्हणून."

खालच्या रस्त्यावरून सायकली गेल्या. आमांनी फोड डब्यात परत ठेवली.

"वाचलास?"

"तारीख वाचली. तेवढीच."

"नऊ वेळा?"

"नऊ वेळा."

"तारीख वाचलीस," आमा हळू म्हणाल्या, "त्या तारखेच्या खाली होता तो."

मग आमा एकेक विचारत गेल्या आणि ती सांगत गेली, कारण निदान एवढे तिला नेमके ठाऊक होते. कागद फाटत होता का? नाही, तपकिरी झाला होता, पण अखंड होता. टाकला कुठे? निळ्या पेटीत, पेटी भरली की नायलॉनच्या दोरीने गठ्ठा बांधायचा, आणि शुक्रवारी कचऱ्याची गाडी आली की नेऊन द्यायचा. गठ्ठा कुणी दिला? तीच घेऊन गेली होती.

"म्हणजे गाणं वाजत होतं," आमा म्हणाल्या. ती गाडी गल्लोगल्ली गाणे वाजवत येते. लहान मुलांनाही ते पाठ असते.

"हो. वाजत होतं."

आमांनी डब्याचे झाकण लावले. लावताना त्यांचे बोट दोनदा घसरले, वान-यूने मदत केली नाही. उठून उभ्या राहिल्यावर त्यांनी विचारले, "झाडं तरी नीट आहेत ना?"

"आहेत."

"मग ठीक." आणि त्या कठड्याला धरून उतरत गेल्या. बस यायला अजून तास होता.

पुढच्या गुरुवारी पावणेअकरा वाजले, अकरा वाजले, दारात कुणी आले नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. वहीत त्यांच्या लाल शिक्क्यांची रांग एका जागी थांबली होती.

जानेवारीत वान-यू वनस्पतिसंग्रहात गेली. काही मिळेल असे तिला वाटत नव्हते. तिला फक्त ती नऊ झाडे पाहायची होती. तिथे आ-खुन काका होते. चाळीस वर्षे कागदावर झाडे चिकटवून त्यांची बोटे टोकाला चपटी झाली होती, आणि तिला ते पेन त्यांनीच दिले होते. तिने सगळे सांगितल्यावर त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. कपाट उघडून एकेक घडी तिच्यापुढे ठेवली. पांढऱ्याशुभ्र नव्या कागदांत नऊही नमुने सुरेख होते. तीन हजार एकशे सतरा हा जाड देठाचा एक नेचा होता. त्याच्या मागच्या बाजूचे बीजाणूंचे ठिपकेसुद्धा शाबूत होते.

"हा शेवटचा," वान-यू म्हणाली. "इथे माझी सुट्टी संपली."

"आठवतंय. शुक्रवार होता. उरलेले सोमवारी करते म्हणालीस, आणि सोमवारी कॉलेज सुरू झालं." काका नेच्याकडे बघत राहिले. "आता सगळं कोरडं असतं गं. आमच्या वेळी डोंगरातून गठ्ठा यायचा तो ओलाकच्च. फळीवर दोघं उभे राहून दोर आवळायचे. मग शाई कुठं जाते? शेजारच्या कागदावर. अख्ख्या बातम्या उमटायच्या, उलट्या. आम्ही आरसा धरून वाचत बसायचो. साहेबांना वाटायचं पोरं झाडं बघतायत."

वान-यूने संग्राहकाच्या वहीतला क्रम मनात पुन्हा मांडला. एकाच दिवशी, एकाच जागी, एकावर एक.

"काका, तीन हजार एकशे अठरा कशात आहे?"

"कोऱ्या कागदात. तिथून पुढे त्याची वर्तमानपत्रं संपली होती. तुमच्या ग्रंथालयाला तो नको आहे, यादीतून वगळलाय."

वगळण्याचा नियमही तिनेच लिहिला होता: छापील मजकूर असलेलेच कागद घ्यावेत.

तीन हजार एकशे अठराच्या घडीचा वरचा कागद चहासारखा तपकिरी झाला होता. त्यावर डोळ्यांना काही दिसत नव्हते. तिरपा धरला तर कुठे कुठे काजळी पुसल्यासारखी छटा होती, तीही वाटली तर. तिने तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून छातीशी धरून ग्रंथालयात आणला. छपाईच्या शाईत काजळी असते, काजळी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषून घेते, आणि कागदाचा तपकिरी डाग त्या प्रकाशात जवळजवळ नाहीसा होतो. हे तिला पुस्तकातून माहीत होते. कॅमेऱ्याला गाळणी लावून तिने पहिले छायाचित्र घेतले आणि पडद्यावर पाहिले.

पडद्यावर नेचा होता. मधोमध वर गेलेला देठ, दोन्ही बाजूंना फुटलेली पर्णे. पण तो रेषांचा नव्हता, अक्षरांचा होता. घडीच्या आत जिथे जिथे झाड होते तिथेच दाब पडला होता, आणि तिथलीच शाई शेजारी उतरली होती. झाड नव्हते तिथे मजकूरही नव्हता. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागातले काही उभे रकाने, पर्णांच्या आकारात कापल्यासारखे, आणि सगळी अक्षरे उलटी.

तिने प्रतिमा सुलट करून वाचली. दोनदा वाचली. मग फोन केला.

"आता काय टाकलंस?" पलीकडून आमा म्हणाल्या.

"काही नाही टाकलं. आमा, तुम्ही या. फार आशा धरून येऊ नका. थोडं आहे, तुटक आहे. पण या."

आमा गुरुवारची वाट न पाहता मंगळवारीच आल्या. वहीत शिक्का उमटवायला विसरल्या, परत फिरून उमटवून आल्या. लाइ सर स्वतः खुर्ची घेऊन आले आणि भिंतीपाशी उभे राहिले. वान-यूने पडद्यावर छायाचित्र आणले, जसे घेतले होते तसे. मग ते सुलट करायला हात पुढे नेला.

"राहू दे," आमा म्हणाल्या. "तुला उलटं आहे. मला साठ वर्षं हेच सुलट आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यालाही असंच दिसलं असेल. जुळवताना."

त्या पडद्याच्या इतक्या जवळ सरकल्या की श्वासाने काच धुरकटली. त्या लिपीत ओळी उभ्या असतात आणि छापलेल्यात त्या उजवीकडून सुरू होतात; इथे त्यांनी डावीकडून सुरू केले, बोट वरून खाली नेत. आवाज शाळेत धडा वाचावा तसा सपाट होता.

"'घरी जाता आलेले नाही अशांनी...' पुढे गेलंय. 'छापखान्याच्या मागच्या दाराशी... नाव आणि गल्ली सांगावी... उद्याच्या अंकात...' इथे काही नाही. 'घरच्यांना कळेल.'" बोट देठावरून पलीकडच्या पर्णांवर गेले. "'आज येथे सुखरूप.' मग नावं आहेत. लिन कुणीतरी, खालचं नाही उमटलं. सू आ-शुई, तांदळाच्या दुकानातला. शाळेच्या दोन मुली, ह्यांची नावं नाहीत, नुसतं दोन मुली. स्टेशनवरचा हमाल..." त्या थांबल्या. शेवटच्या पर्णाच्या टोकाशी एक आखूड ओळ होती. तिथे बोट बराच वेळ राहिले.

"'विचारावे: जुळारी, लू जिन...'"

नावातले तिसरे अक्षर, 'बो', नव्हते. तिथे नेचा संपत होता.

आमांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला, आणि उघड्या डोळ्यांनी, ज्यांना आता नुसते धूसरच दिसत असणार, पडद्याकडे पाहत राहिल्या.

"कुणाला विचारायचं ते लिहायला नको?" त्या म्हणाल्या. "दाराशी आलेला माणूस कुणाचं नाव घेणार? कुणाचं तरी नाव घालायला हवं. मालकानं स्वतःचं घातलं नसेल." मग खूप हळू, त्या खोलीत नसलेल्या कुणाला तरी: "हौस नव्हती गं, आई."

लाइ सर बाहेर गेले. वान-यू तिथेच उभी राहिली. जावे की थांबावे ते तिला कळेना, म्हणून थांबली.

काही वेळाने आमांनी पातळ कागद आणि कुंचला मागितला. वान-यूने छायाचित्राची मूळ आकाराची छपाई आणून दिली. शिक्का कोरण्याआधी जसा मजकूर उतरवतात तसा आमांनी तो उलटाच उतरवायला घेतला. प्रत्येक अक्षर, प्रत्येक अर्धवट अक्षर, जिथे जितके होते तितके. दुपारचे दोन वाजले तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटच्या ओळीपाशी कुंचला थांबला तेव्हा वान-यू म्हणाली की तिसरे अक्षर तर त्यांना ठाऊकच आहे, ते घालावे.

"ठाऊक आहे. पण इथे ते उमटलेलं नाही." आमांनी कुंचला पाण्यात घातला. "नाही ते लिहायचं नाही."

फेब्रुवारीच्या प्रदर्शनात तीन हजार एकशे अठराचा कोरा कागद काचेच्या पेटीत ठेवला, शेजारी छायाचित्र, आणि त्याच्या शेजारी नेचा. पाटी वान-यूने लिहिली. सात ओळींची होती. त्यात कागद कुठला, नेचा कुठला, मजकूर कसा उतरला, हे होते. आणि असेही होते की मूळ अंकाच्या नऊ प्रती ऑगस्ट २०१८ पर्यंत या संग्रहात होत्या. झाडे वाचवण्यासाठी कागद बदलताना त्या न वाचता टाकण्यात आल्या. टाकणारी को वान-यू.

लाइ सरांनी पाटी वाचली. नाव कशाला, ते म्हणाले, एका विद्यार्थी सहायकाकडून असे लिही. हे विद्यापीठाचे प्रदर्शन आहे, लोक नावे लक्षात ठेवतात. शिवाय दोष तिचा नव्हता, हे त्यांनी आधीही सांगितले होते.

"माहीत आहे, सर," वान-यू म्हणाली. "पण कुणी विचारायला आलं, तर कुणाला विचारायचं ते कळायला हवं."

सरांनी तिच्याकडे पाहिले, पाटी परत दिली, आणि खाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली: कोरे कागद यादीतून वगळण्याच्या नियमाला मान्यता देणारे, लाइ गुओ-शेंग.

पहिल्या दिवशी आमा धुतलेला निळा कोट घालून आल्या. गर्दी होती. विद्यार्थी होते, जियाईहून आलेली म्हातारी माणसे होती. एका गृहस्थांनी छायाचित्रापुढे उभे राहून हलक्या आवाजात विचारले की तांदळाच्या दुकानातले आ-शुई म्हणजे चौकातल्या दुकानातले का. आमा त्यांच्याशी खूप वेळ बोलल्या. मग त्या पाटीपाशी आल्या, वाकल्या, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचू लागल्या. वान-यू दोन पावलांवर उभी होती. बोट तिच्या नावाखाली येऊन थांबले तेव्हा तिने खाली पाहिले.

"फार बारीक काढलंस," आमा म्हणाल्या. "मला चष्मा बदलायला लागला."

मग त्यांनी पिशवीत हात घातला, डबा काढला, आणि खोलीत खायला बंदी आहे हे आठवून तो वान-यूच्या हातात दिला. बाहेर घेऊन चल, म्हणाल्या.